लेन्स बिघडलेली नाही, तापलेली आहे: कोकणच्या हवेत टेली लेन्सचं नेमकं काय होतं?

फेब्रुवारीतली गोष्ट. हर्णैच्या किनाऱ्यावर कुरव, म्हणजे सगळे ज्यांना सीगल म्हणतात ते पक्षी, थव्याने बसले होते. माझा एक मित्र पुण्याहून नवीकोरी ६०० मिलिमीटरची लेन्स घेऊन आला होता. सकाळी सात ते आठमध्ये काढलेल्या फोटोंत पिसाची रेघ न् रेघ मोजता येत होती. अकराच्या सुमाराला त्याच कॅमेऱ्याने, त्याच लेन्सने, त्याच पक्ष्यांचे काढलेले फोटो मात्र ओल्या कागदावर शाई फुटावी तसे आले. त्याने काच पुसली, बॅटरी काढून परत घातली, शटर स्पीड वाढवला. फरक शून्य. शेवटी लेन्स दुरुस्तीला गेली आणि तीन आठवड्यांनी परत आली. सोबत चिठ्ठी: दोष आढळला नाही. चिठ्ठीत लिहिलेलं खरंच होतं. पण तोवर कुरव परतीच्या वाटेला लागले होते.

ही तक्रार आता दर हंगामात कानावर येते. वेळास-आंजर्ल्याला कासवांची पिल्लं बघायला येणारे, देवरुखकडे धनेशाच्या मागावर जाणारे, समुद्र गरुडाचं घरटं लांबून टिपणारे, सगळ्यांकडे हल्ली मोठी टेली लेन्स, म्हणजे लांबचं जवळ आणून दाखवणारी लेन्स, असते. आणि ऊनही आता लवकर तापू लागलंय. किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंश किंवा त्याहून वर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त गेलं की हवामान खातं त्याला उष्णतेची लाट म्हणतं. २०२५ मध्ये असा इशारा कोकणासाठी फेब्रुवारीतच निघाला होता. अशा दिवसांत लेन्समध्ये आणि लेन्ससमोर काय घडतं, ते एकदा नीट समजून घेतलं तर बरीच वणवण आणि पैसा वाचतो.

टाचणीच्या टोकाएवढा टिपका

लहानपणी भिंगाने कागद जाळलेला आठवतो? भिंग कागदापासून एका ठरावीक अंतरावर धरलं की सूर्याचा टिपका टाचणीच्या टोकाएवढा होतो आणि धूर निघतो. हात जरा वर-खाली झाला की टिपका पसरतो. टिपका बारीक पडणं म्हणजेच फोकस. कॅमेऱ्यात कागदाच्या जागी प्रकाश टिपणारा सेन्सर असतो आणि एका भिंगाच्या जागी, ६०० मिलिमीटरच्या मोठ्या लेन्समध्ये, पंधरा-सतरा भिंगं. सगळ्यात पुढचं चहाच्या बशीएवढं, सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाचं.

इथे चुकायला जागा किती? लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र एफ ४ इतकं, म्हणजे बरंच मोठं, उघडं असेल आणि सेन्सरवर पिक्सेल दाटीने बसवलेले असतील, तर फोकसचा टिपका सेन्सरच्या पुढे किंवा मागे साधारण ०.०२ मिलिमीटर सरकलेला चालतो. माणसाचा केस याच्या तीन-चार पट जाड असतो. तीन-चार किलोच्या यंत्राकडून आपण उन्हात, वाळूत, वाऱ्यात इतक्या बारीक हिशेबाची अपेक्षा धरत असतो.

बैलगाडीची धाव आणि लेन्सची नळी

गावात लोहाराला चाकावर धाव चढवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं चटकन कळेल. लोखंडी धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान घडवतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लालबुंद झाली की फुगते आणि चाकावर बसते. मग लगेच पाणी. चर्र आवाज, वाफेचा लोट, आणि आकसलेली धाव लाकडाला अशी आवळून धरते की वर्षानुवर्षं हलत नाही. धातू तापला की वाढतो आणि निवला की आकसतो, एवढंच त्यामागचं शास्त्र.

लेन्सची नळी अॅल्युमिनियमसारख्या हलक्या धातूची किंवा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. हे धातू लोखंडापेक्षा जास्त फुगतात. अॅल्युमिनियमची एक मीटरची पट्टी एका अंशाने तापली की सुमारे ०.०२३ मिलिमीटरने वाढते. आता समजा, रात्री लेन्स एसीच्या खोलीत २२ अंशांवर होती आणि दुपारी उन्हात तिचं अंग ४२ अंशांवर गेलं. वीस अंशांचा फरक. अर्ध्या मीटरची नळी तेवढ्याने जवळपास पाव मिलिमीटर लांब होते. वर आपण सूट किती दिली होती? ०.०२. म्हणजे ज्या कागदावर टिपका पाडायचा, तोच सुटीच्या दहापट लांब सरकला.

हा हिशेब ढोबळ आहे. खऱ्या लेन्समध्ये नळीबरोबर भिंगंही बदलतात आणि काही चूक आपसात फिटते. त्या फिटण्याची गोष्ट मला सगळ्यात सुंदर वाटते.

काच फुगते आणि तिचा स्वभावही बदलतो

तापलेल्या भिंगाच्या बाबतीत दोन गोष्टी होतात. एक, ते फुगतं आणि त्याचा बाक किंचित उतरतो. दोन, ते प्रकाशाला किती वाकवतं ते प्रमाण, म्हणजे अपवर्तनांक, बदलतं.

मोठ्या लेन्समध्ये फ्लोराइट नावाच्या स्फटिकाची भिंगं असतात. फोटोत वस्तूच्या कडेला जांभळी-हिरवी झालर दिसते ना, ती घालवायला फ्लोराइटसारखा पदार्थ नाही. कॅनॉनने १९६९ साली कृत्रिमरीत्या वाढवलेल्या फ्लोराइटची ३०० मिलिमीटरची लेन्स बाजारात आणली. निकॉनने २०१३ च्या ८०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये तो वापरला. वजनाला हलका, रंगांच्या बाबतीत अव्वल, पण उष्णतेला हळवा. साध्या भिंगाच्या काचेपेक्षा तो अडीच पटींहून जास्त फुगतो. शिवाय तापल्यावर त्याचा अपवर्तनांक घटतो, तर नेहमीच्या बऱ्याच काचांचा अगदी थोडा वाढतो.

लेन्स आखणारे याच स्वभावभेदाचा फायदा घेतात. एक भिंग फोकस जिकडे ढकलतं, त्याच्या उलट दिशेला दुसरं ढकलेल अशी मांडणी करतात आणि नळीचं वाढणंही त्याच हिशेबात धरतात. म्हणून चांगली लेन्स सगळीकडून सारखी ३५ अंशांवर असेल तर उत्तम चालते, सगळीकडून सारखी १५ अंशांवर असेल तरीही उत्तम चालते.

घोळ होतो तो मधल्या वेळेत. ऊन नळीवर पडतं, नळी तापते, तिला टेकलेली भिंगाची कड तापते, पण भिंगाचा मधला भाग अजून गारच. एका बाजूने ऊन, दुसऱ्या बाजूने सावली. फणसाचे पापड उन्हात घातले की वरची बाजू आधी सुकते आणि कडा उचलल्या जातात, तसंच हे. पापडाचं वाकणं डोळ्यांना दिसतं, भिंगाचं दिसत नाही, पण ०.०२ मिलिमीटरच्या खेळात तेवढं पुरतं. लेन्सला गरमी जितकी छळत नाही तितकी असमान गरमी छळते. आणि काच उष्णता फार सावकाश पोचवते, त्यामुळे मोठ्या लेन्सला बाहेरच्या हवेशी जुळवून घ्यायला पाऊण तास ते तास द्यावा लागतो.

या लेन्स पांढऱ्या का असतात, हा प्रश्न मला किनाऱ्यावर फिरायला आलेले लोकही विचारतात. उन्हात पांढरा सदरा घालायचा तो ज्यासाठी, त्यासाठीच. काळी नळी ऊन पिते. लेन्स काळी असेल तर वर पांढरा किंवा फिका पंचा टाकून ठेवा, तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. छपाईचे छान छान झाडीरंगी कव्हर मिळतात, पण भर उन्हात गडद कव्हरापेक्षा साधा पंचा कामाचा.

रिंग इन्फिनिटीच्या पुढे का फिरते?

नवी लेन्स घेतलेल्याला हमखास पडणारा प्रश्न. इन्फिनिटी म्हणजे अगदी लांबचं, क्षितिजावरच्या जहाजासाठी किंवा चांदण्यांसाठीचं फोकस. त्याच्या पुढे तर काहीच नाही, मग रिंग तिथेच थांबायला हवी. पण मोठ्या लेन्सची फोकस लावायची रिंग इन्फिनिटीच्या खुणेच्या पुढेही थोडी फिरते, आणि फिरायलाच हवी. तापमानाबरोबर इन्फिनिटीची जागा थोडी पुढे-मागे होते, म्हणून बनवणाऱ्यांनी दोन्ही बाजूंना मोकळीक ठेवलेली असते. रिंग खुणेवर कडक थांबवली असती तर एखाद्या दिवशी लांबचं काहीच स्पष्ट आलं नसतं.

म्हणून गुहागरच्या किनाऱ्यावर रात्री तारे टिपायचे असतील तर खुणेवर विसंबू नका. एखादा ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून त्यावर फोकस लावा, आणि रात्र जसजशी निवेल तसतसं तासातासाने पुन्हा तपासा. संध्याकाळी लावून टेपने चिकटवलेलं फोकस पहाटेपर्यंत तिथेच राहील असं धरून चालू नका.

"पण ऑटोफोकस आहे की!"

हा आक्षेप रास्त आहे. ऑटोफोकस दर वेळी नव्याने मोजतो. आजच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यात तर मोजणी थेट सेन्सरवरच होते, त्यामुळे नळी पाव मिलिमीटर वाढली काय आणि आकसली काय, कॅमेरा टिपका परत जागेवर आणतो. समोरचा पक्षी टिपताना नळीच्या वाढण्याची चिंता तुम्ही सोडून देऊ शकता.

तरी तीन ठिकाणी ऑटोफोकसचा हात पोचत नाही. घरट्यावर किंवा फांदीवर फोकस लावून, लॉक करून तासन्‌तास बसलात तर ते हळूहळू सरकतं. भिंग असमान तापून वेडंवाकडं झालं असेल तर बारीक टिपका पडेल अशी जागाच उरत नाही, मग कॅमेऱ्याने शोधायचं काय? आणि तिसरं कारण या दोहोंपेक्षा कितीतरी मोठं आहे. माझ्या मित्राचे फोटो या तिसऱ्या कारणानेच घालवले होते.

सगळ्यात मोठा चोर: मधली हवा

दुपारी बाराच्या उन्हात रत्नागिरीच्या एखाद्या कातळसड्यावर उभं राहा आणि सड्याच्या दुसऱ्या टोकाकडे बघा. जांभा तापलेला असतो, त्यावरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलत असते आणि पलीकडचं झुडूप थरथरताना दिसतं. डांबरी रस्त्यावर दिसणारं मृगजळ हे त्याचंच भावंड.

हवाही प्रकाश वाकवते, अगदी कणभर. तिचा अपवर्तनांक सुमारे १.०००३. हवा एका अंशाने तापली की तो साधारण दहा लाखांत एकाने घटतो. नगण्य वाटतं. पण वाळूवरून उठणारी गरम हवा आणि समुद्रावरून येणारी गार हवा एकमेकींत मिसळतात तेव्हा मध्ये लहान-मोठे असंख्य हवेचे गोळे तयार होतात, आणि प्रत्येक गोळा एका कच्च्या, हलत्या भिंगासारखा वागतो. पक्षी दोनशे मीटरवर असेल तर तुमच्या सतरा भिंगांच्या पुढे ही अशी हजारो फुकट भिंगं येतात. कोणीही न घासलेली, न जुळवलेली.

साध्या डोळ्यांना हे फारसं जाणवत नाही. टेली लेन्स पक्ष्याला मोठं करते तसंच या थरथरीलाही मोठं करते. म्हणून मोबाइलने काढलेला फोटो ठीक वाटतो आणि काही लाखांच्या लेन्सचा खराब.

कोकणात याची वेळ बऱ्यापैकी ठरलेली असते. पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, वाळू गार असते, हवा शांत. नऊनंतर वाळू आणि कातळ तापू लागतात. मग दुपारकडे खारा वारा समुद्रावरून आत येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीवरचे वारे जोरात असले की खारा वारा उशिरा येतो, आणि तोवर किनारा भाजून निघतो. तेच ते उष्णतेच्या लाटेचे दिवस. हर्णैला त्या दिवशी अकरा वाजता आम्ही पोटावर झोपून, वाळूपासून एक वीत उंचीवरून फोटो काढत होतो. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर जायचं, हा पक्षीचित्रणातला चांगला नियम. पण तापलेल्या वाळूवर तोच अंगाशी येतो, कारण सगळ्यात खवळलेली हवा त्या पहिल्या हातभर उंचीतच असते.

शटर स्पीड वाढवून यातून सुटका नाही. हात हलल्यामुळे आलेला धुरकटपणा वेगवान शटरने जातो, पण इथे प्रकाश लेन्समध्ये शिरण्यापूर्वीच वाकलेला असतो. महाग लेन्सही इथे हतबल. उपाय साधे आहेत: लवकर जा, पक्ष्याला न बिचकवता जितकं जवळ जाता येईल तितकं जा, उन्ह चढल्यावर उठून उभे राहा, आणि कोरड्या वाळूवरून नेम धरण्याऐवजी ओल्या पुळणीवरून किंवा झाडोऱ्यावरून धरा. पक्षी फारच लांब असेल तर मी कॅमेरा खाली ठेवतो आणि दुर्बिणीने नुसता बघत बसतो.

अशीच चोरी गाडीतही होते. एसी लावलेल्या गाडीच्या खिडकीतून लेन्स बाहेर काढली की काचेच्या चौकटीत गार आणि गरम हवेची घुसळण नेमकी तुमच्या नळीसमोर होते. एसी बंद करा, सगळ्या काचा खाली करा, पाच-दहा मिनिटं थांबा. लेन्स तापलेली असेल तर लांब हूडमध्येही, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवतात त्या नळकांड्यातही, गरम हवा कोंडून राहते, तेव्हा हूड थोडा वेळ काढून ठेवला तर फायदा होतो.

दोष हवेचा की लेन्सचा?

दुरुस्तीला पाठवण्याआधी दहा मिनिटांची ही परीक्षा घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवा आणि लांबच्या एखाद्या स्थिर वस्तूचे, म्हणजे खांबाचे किंवा होडीवरच्या नंबराचे, लागोपाठ वीस फोटो काढा. स्क्रीनवर मोठे करून बघा. एकात नंबर वाचता येतो, पुढच्यात कडा वाकड्या, त्याच्या पुढच्यात परत बरा, असं दिसलं तर ती हवा आहे. हवा क्षणाक्षणाला बदलते, म्हणून चूकही बदलते. लेन्सचा दोष असेल तर विसाच्या वीस फोटोंत तो सारखाच दिसेल.

मग तीच परीक्षा सावलीत, दहा-पंधरा मीटरवर ठेवलेल्या वर्तमानपत्रावर घ्या. तिथे अक्षरं लख्ख आली तर लेन्स ठणठणीत आहे. मित्राने हे केलं असतं तर त्याचे तीन आठवडे वाचले असते. मलाही तेव्हा ही परीक्षा माहीत नव्हती, नाहीतर मीच त्याला थांबवलं असतं.

थंड तांब्याला सुटणारा घाम

फ्रिजमधलं पाणी तांब्यात ओतून ओटीवर ठेवलं की दोन मिनिटांत तांब्या बाहेरून ओला होतो. हवेतली वाफ गार धातूवर पाणी होऊन बसते. ज्या तापमानाला हे सुरू होतं त्याला दवबिंदू म्हणतात. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, आणि कोकणात असे दिवस पुष्कळ, तर दवबिंदू येतो सुमारे २६ अंशांवर. तुमची लेन्स रात्रभर २२ अंशांच्या खोलीत होती. बाहेर काढताक्षणी तिचा तांब्या होणारच.

मी हे होताना जवळून पाहिलंय. पहाटेच्या अंधारात झाकण काढलं, टॉर्च धरला. पुढच्या काचेच्या मध्यावर आधी पुसट दुधी ठिपका उमटला, बघता बघता तो कडांपर्यंत पसरला. फडक्याने पुसला, तर अर्ध्या मिनिटात परत हजर. पुसून उपयोग नसतो, कारण काच गार आहे तोवर हवा पाणी देतच राहते. उलट पुसताना वाळूचा कण घासला गेला तर चरा कायमचा. त्या दिवशी कासवाची पिल्लं समुद्रात गेली आणि मी काच उबदार व्हायची वाट बघत उभा होतो.

तेव्हापासून मुक्कामी असताना लेन्स बंद बॅगेत घालून एसी नसलेल्या खोलीत किंवा पडवीत, नजरेसमोर ठेवतो. एसीच्या खोलीत ठेवावीच लागली तर निघण्याआधी तासभर बॅग बाहेर आणायची, पण चेन उघडायची नाही. बॅगेच्या आत लेन्स हळूहळू उबदार होते आणि दमट हवा तिला लागत नाही. घाईत हेअर ड्रायर चालवू नका. त्याने एकच बाजू झपाट्याने तापते, आणि असमान तापण्याचं काय होतं ते वर पाहिलंच.

थंडीतल्या निरभ्र रात्री आणखी एक प्रकार घडतो. आंबा बागायतदारांना तो चांगला ठाऊक आहे, मोहोरावर दव पडतं तोच. उघड्या आभाळाखालची वस्तू आपली उष्णता आभाळाकडे टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. तारे टिपणाऱ्यांच्या लेन्सवर म्हणूनच मध्यरात्रीनंतर दव बसतं. इथे हूड मात्र काढू नका, काचेवर त्याचं छप्पर असलेलं बरं. खगोलप्रेमी लेन्सच्या तोंडाशी मंद ऊब देणारा पट्टा गुंडाळतात, तो तर उत्तमच.

"याने लेन्स कायमची खराब होते का?"

नळीचं फुगणं-आकसणं कायमचं नसतं. तापमान सारखं झालं की लेन्स पूर्वीसारखी होते. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत ० ते ४० अंश ही वापराची मर्यादा दिलेली असते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पारा याच्या बराच वर जातो, तेव्हा लेन्स गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. तिथे आतलं वंगण पातळ होऊन पसरण्याची आणि भिंगं चिकटवलेला थर ताणला जाण्याची भीती असते.

खरं कायमचं नुकसान करते ती ओल. लांबी कमी-जास्त होणारी झूम लेन्स, आपल्याकडे बऱ्याच जणांकडे असलेली १५० ते ६०० ची, भात्यासारखी हवा आत ओढते. दमट हवा आत, वर लेन्स गार, की वाफ आतल्या भिंगांवर बसते, जिथे आपलं फडकं पोचत नाही. ती तशीच कपाटात गेली तर श्रावणात चामड्याच्या चपलेवर धरते तीच बुरशी भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि काचेवरचा लेप खाते. आत धुकं दिसलं तर रिंग फिरवत बसू नका. लेन्स हवेशीर, कोरड्या सावलीत राहू द्या, मग ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. पावसाळ्यात चार महिने तिचा मुक्काम तिथेच असावा, आत आर्द्रता मोजायचा छोटा काटा ठेवून. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिला की ठीक. ६० च्या पुढे सरकला की पुड्या बदलायच्या.